डबापट्टी

हेमांगी नेवरेकरांच्या घरातला पहिला डबा विरघळला तेव्हा त्यात कुरडया होत्या. सकाळी चहाचं आधण ठेवून त्यांनी सहज फळीकडे पाहिलं, तर वरच्या रांगेतला एक डबा खांदे पाडून बसलेला. हात लावला तर बोट सरळ आत गेलं. दुपारपर्यंत त्याच्या शेजारचे गेले, संध्याकाळी अख्खी रांग गेली आणि आंबट ताकासारखं पाणी भिंतीवरून ओघळायला लागलं. लांज्याच्या बाजारपेठेमागच्या त्या घरात वर्षभर विकायचं वाळवण साठवलेलं होतं. कुरडया, फेण्या, सांडगे, पोह्याचे पापड, सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. यात नवल काही नाही. कोकणातच काय, महाराष्ट्रात कुठेही श्रीखंडाचा डबा टाकून देणाऱ्या बाईकडे लोक जरा संशयानेच पाहतात.

हेमाताईंनी फोन लावला तो कराडला, भावजयीला. मैथिली शेट्ये सोनसरी दूध संघात डब्यांवर संशोधन करायची आणि ते डबे सोनसरीचेच होते. डबे वितळले हे ऐकताच मैथिलीच्या तोंडून निघून गेलं, "इतक्यात?"

मग हेमाताई म्हणाल्या, "म्हणजे वितळणार हे तुला ठाऊक होतं."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मैथिलीला ते फार लागलं. सासरच्या माणसांत तिची बाजू पहिल्यांदा घेतली ती या नणंदेने. आई गेल्यावर निनादला, म्हणजे मैथिलीच्या नवऱ्याला, वाढवलं तेही तिनेच. आजवर फोन ठेवायच्या आधी "जेवलीस का" हे विचारल्याशिवाय ती राहिली नव्हती.

आता हा डबा का वितळतो, हे सांगायला जरा मागे जावं लागेल. पूर्वी कचऱ्याचा खर्च नगरपालिका करायची, म्हणजे तुम्ही-आम्ही. वेफर खाणार एक, त्यावर कमावणार दुसरा आणि रिकामी पिशवी गटारातून उपसणार तिसरा, असा तो कारभार होता. मग कायदा आला. ज्याने एखादं वेष्टन पहिल्यांदा भरून विकलं, त्याने ते वेष्टन जगात असेपर्यंत दर वर्षी पट्टी भरायची. कायद्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घराची घरपट्टी, पाण्याची पाणीपट्टी, तशी ही डबापट्टी झाली.

वेष्टन जगात आहे की संपलं, हे कळायचं कसं? त्यासाठी प्लास्टिक बनवतानाच त्यात एक खूण मिसळायची सक्ती झाली. ही खूण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. कोणत्या कारखान्याचा माल, कोणत्या तुकडीतला, त्यातला कितवा नग, हे त्या कणांच्या मिश्रणावरून आणि मांडणीवरून ओळखता येतं. कचरा वेगळा करण्याच्या केंद्रावर वाचकयंत्र बसवलेलं असतं. त्याखालून डबा गेला की त्याची नोंद मिटते आणि पट्टी थांबते. केंद्रावर जो आलाच नाही, तो अजून जगात आहे असं धरून चालायचं.

वेफरच्या पिशव्या आठवड्याभरात केंद्रावर येत. तेलाच्या बाटल्याही येत. श्रीखंडाचे डबे मात्र येईनात. ते घराघरांत मोहरी, जिरं, सुया-दोरे आणि सुटी नाणी सांभाळत बसले होते आणि त्या प्रत्येकाची पट्टी सोनसरी संघ वर्षानुवर्षं भरत होता. कायदा करणाऱ्यांनी जगभरच्या कचऱ्याचा अभ्यास केला होता, पण आपल्या फळ्यांवर काय असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून संघाने मैथिलीला नेमलं आणि तिने मुदतीचा डबा बनवला. उसाच्या साखरेपासून एक प्लास्टिक तयार होतं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात आणि साखळीची प्रत्येक कडी म्हणजे दह्याला आंबटपणा देतं तेच आम्ल. ही साखळी पुन्हा सुटी करणारं एक विकर असतं. विकर म्हणजे एन्झाइम, जेवण पचवायला आपल्या पोटात असतं तसलंच. मैथिलीने हे विकर अतिसूक्ष्म कवचांत बंद करून प्लास्टिकमध्येच पेरलं. हवेतल्या दमटपणाने कवच हळूहळू झिजतं. ते संपलं की विकर जागं होतं आणि डबा आतून स्वतःला पचवायला लागतो. शेवटी उरतं ते थोडं आंबट पाणी, झाडाला घातलं तरी चालेल असं. असे डबे खरंच विरघळतात या अटीवर, मुदत उलटली की त्यांची नोंद केंद्रावर न येताही मिटेल, अशी सवलत संघाला मिळाली होती. मुदत तळाशी छापलेली होती. लोकांना ती तारीख श्रीखंडाची वाटली आणि श्रीखंड तर पाडव्यालाच संपलं होतं. त्यातून लांज्याची हवा कराडपेक्षा कितीतरी दमट, त्यामुळे तिथे छापलेली तारीख उजाडायच्या आधीच कवचं झिजली.

त्याच आठवड्यात मैथिली लांज्याला गेली. हेमाताईंनी चहा केला आणि साखर किती घालू, असं विचारलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मैथिली बिनसाखरेचा चहा घेते हे त्या घरात शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं.

नुकसान डोळ्यांसमोर होतंच. पण गेलेल्या मालापेक्षा मोठी अडचण पुढची होती. हेमाताईंचा धंदा उभा होता तो दुसऱ्यांच्या जुन्या डब्यांवर. नवे डबे घ्यावेत तर ते पहिल्यांदा भरणाऱ्या हेमाताई, म्हणजे पट्टी त्यांच्या नावावर, आणि कुरडयांच्या नफ्यात पट्टी बसत नव्हती. काचेच्या बरण्या पाठवताना फुटत. कागदी पिशवीत सांडगे मऊ पडत. जुने जाड डबे आता तडकायला लागले होते आणि बाजारात येणारा प्रत्येक नवा डबा मुदतीचा होता, कारण सोनसरीचं पाहून बाकीच्या डेअऱ्यांनीही तेच तंत्र उचललं होतं. हेमाताईंच्या हाताखाली आणखी पाच घरच्या बायका कामाला होत्या. दिवाळीपर्यंत काही सोय झाली नाही तर धंदा बंद करायचा, असं त्यांचं ठरलं होतं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं, आवाज जराही न चढवता.

फळ्या पुसायला म्हणून मैथिली उठली आणि तिथेच थबकली. खालच्या फळीवर तीन डबे ताठ उभे होते. तळ पाहिले तर त्याच तुकडीतले. एकात जाडं मीठ होतं, दुसऱ्यात खारवलेली कैरी. तिसऱ्यात मात्र कुरडयाच होत्या, कोरड्या आणि कुरकुरीत.

"ताई, ह्याच्यात आधी काय होतं?"

"मीठच होतं. आमसुलांचं उरलेलं. काढून पुसला नि कुरडया भरल्या."

त्यानंतर मैथिलीला आपण कुणाकडे आणि कशाला आलो आहोत याचा विसर पडला. ती तशीच आहे, एकदा कोडं दिसलं की तिला भूक लागत नाही. तिने तिन्ही डब्यांच्या काठाच्या चिपा काढल्या. निम्म्या गोड्या पाण्यात धुवून घेतल्या, निम्म्या तशाच ठेवल्या आणि मोदकपात्रातल्या कोमट वाफेवर रात्रभर बसवल्या. हेमाताई दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. रागावलेल्या होत्या, तरी त्यांनाही पुढे काय होतं ते बघायचंच होतं. मध्येच त्यांनी विचारलं, की मोदकपात्र नंतर वापरता येईल ना.

सकाळी धुतलेल्या चिपा लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या आणि न धुतलेल्या जशाच्या तशा. मैथिलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोणचं ज्या कारणाने नासत नाही, त्याच कारणाने हा डबा विरघळत नव्हता. प्लास्टिक हवेतून पाण्याचा अंश घेतं, त्याबरोबर मीठही थोडं आत जातं आणि ते पाणी घट्ट धरून ठेवतं. साखळी तोडायला विकराला पाणी लागतं. ते न मिळाल्याने विकर मरत नाही, नुसतं झोपून राहतं, आणि गोड्या पाण्याने मीठ निघालं की पुन्हा कामाला लागतं. म्हणजे डब्याचं आयुष्य आता छापलेल्या तारखेवर अवलंबून राहिलं नव्हतं. मिठाच्या पाण्याचा एक हात फिरवला की तो हवा तितका टिकणार होता.

तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. आणि मग लगेच तिला दुसरी गोष्ट सुचली. ही युक्ती बाहेर पडली, तर एकही डबा विरघळणार नाही आणि संघ पुन्हा जन्मभर पट्टी भरत राहील. या एका गोष्टीसाठीच संघाने तिला नेमलं होतं.

"काय कळलं गं?" हेमाताईंनी विचारलं.

"अजून नक्की नाही सांगता येत, ताई."

ही थाप होती आणि ती थाप आहे हे दोघींनाही कळलं. हेमाताईंनी मोदकपात्र उचललं आणि त्या ते घासायला घेऊन गेल्या.

घरी आल्यावर तिने निनादला सगळं सांगितलं. तो वैतागेल, भांडेल अशी तिची अपेक्षा होती. तो म्हणाला, ताईचा फोन येऊन गेला, मैथिली घाईत होती म्हणून नीट बोलणं झालं नाही असं सांगत होती. तू काही लपवलंस असं तिने मला सांगितलं नाही. हे ऐकून मैथिलीला जी लाज वाटली ती कुणी चार शब्द सुनावले असते तर वाटली नसती.

संघाचे कार्यकारी संचालक देशमाने यांना तिने दुसऱ्या दिवशी गाठलं. देशमाने म्हणजे खलनायक नव्हेत. दुधाचा दर एक रुपयाने वाढवायला ते मंत्रालयाच्या चकरा मारत आणि स्वतःच्या घरी म्हैस पाळत. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, चिपा हातात घेऊन पाहिल्या आणि छान शोध आहे, असंही म्हणाले. मग म्हणाले की मिठाला दाद न देणारं विकर शोधा, आणि तोवर हे या खोलीबाहेर जाऊ देऊ नका. पट्टीचा बोजा पुन्हा बसला तर तो शेवटी दूध घालणाऱ्यांच्या दरातूनच जाणार, दुसरीकडून कुठून आणणार?

मैथिलीला हे पटत होतं आणि तीच तर अडचण होती.

"सर, मला एक सांगा. श्रीखंड संपल्यावर डबा कुणाचा?"

"पट्टी आम्ही भरतो, म्हणजे आमचाच की."

"मग तुमच्या डब्याने माझ्या नणंदेचं वर्षाचं वाळवण खाल्लं. त्याची भरपाई द्या."

"ते कसं, शेट्ये मॅडम? तिला कुणी सांगितलं होतं आमच्या डब्यात भरायला? विकत घेतला, तिचा झाला."

"तिचा झाला तर तो टिकवायचा कसा, हे तिला कळायला नको?"

खिडकीबाहेर दुधाच्या टँकरचे चालक एकमेकांवर ओरडत होते. मैथिलीने सांगितलं, की मी ताईंना सांगणार आहे. तुमच्यामागे सांगायचं नाही म्हणून आधी इथे आले. नोकरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. हे म्हणणं तिला सोपं नव्हतं, कारण घराचे हप्ते चालू होते आणि श्रीखंडाच्या डब्यांची शास्त्रज्ञ कुणाला हवी असते?

"एकीला सांगितलं म्हणजे जिल्ह्याला सांगितलं," देशमाने म्हणाले. बराच वेळ त्यांनी चिपा टेबलावर इकडून तिकडे सरकवल्या. "मीही येतो लांज्याला. बघू तरी तुमची नणंद काय म्हणते."

हेमाताईंनी साहेबांना पाट दिला, सोलकढी दिली आणि मैथिलीकडे पाहिलंही नाही. मैथिलीने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मिठाचं सांगितलं, झोपलेल्या विकराचं सांगितलं आणि शेवटी हेही, की मला त्याच दिवशी कळलं होतं, मी बोलले नाही, माझं चुकलं. हेमाताई पदराने हात पुसत ऐकत होत्या.

देशमान्यांनी त्यांच्यासमोर पेच मांडला. डबा तुम्ही जगवणार, उपयोग तुम्हाला होणार आणि पट्टी भरणार दूध घालणारे, हे बरोबर आहे का?

"नाही बरोबर," हेमाताई म्हणाल्या. "पण ही पट्टी कशासाठी असते, ते मला सांगा. डब्याच्या शेवटाची सोय कोण करणार, एवढ्यासाठीच ना?"

देशमाने म्हणाले, अगदी एवढ्यासाठीच.

"मग ज्याने मीठ लावलं त्याने शेवटही करायचा. मी मीठ लावीन तो डबा माझा, माझ्या नावावर करा. काम झालं की गोड्या पाण्यात घालीन, यंत्रासमोर विरघळवून दाखवीन. जो परत आला नाही त्याची पट्टी मी भरीन. तुमच्या गवळ्यांच्या तोंडचं मला नको."

कायद्यात नाव बदलण्याचं कलम होतं. घर विकलं की घरपट्टीवरचं नाव बदलतं, तसंच. आजवर ते कुणी वापरलं नव्हतं, कारण दुसऱ्याचा कचरा आपल्या नावावर करून घ्यायला आजवर कुणी पुढे आलं नव्हतं. देशमान्यांना यात कुठेतरी फसवणूक असावी असं वाटत होतं, पण ती त्यांना सापडेना. परतीच्या वाटेत आंबा घाट चढेपर्यंत ते ती शोधत होते.

मैथिलीला मात्र धडकी भरली. पट्टीची वर्षाखेर मार्चची आणि तेव्हा यंत्राला न दाखवलेल्या प्रत्येक डब्याची पट्टी बसणार. तोवर हेमाताईंचे डबे साखरप्यापासून पुण्यापर्यंत पांगणार होते. त्यातला प्रत्येक डबा ज्याच्याकडे जाईल त्याच्या फळीवर कायमचा बसणार, हे सोनसरीने वर्षानुवर्षं भोगलं होतं. निम्मे डबे जरी अडकले तरी ताईंचा धंदा पट्टीतच बुडाला असता. तिने तसं बोलून दाखवलं. हेमाताई म्हणाल्या, तुमच्या संघाने कधी कुणाकडे डबा परत मागितला होता का?

दिवाळीला लांज्याहून एक पार्सल आलं. सोनसरीचाच नवा डबा, आत मेतकूट आणि झाकणावर ताईंच्या अक्षरात "मैथिली" असं लिहिलेलं. फोनवर अजून फक्त निनादशी बोलणं व्हायचं. मैथिलीने ते मेतकूट पुरवून पुरवून खाल्लं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती रजा टाकून लांज्याला गेली. संघाने हातात धरायचं वाचकयंत्र दिलं होतं. डबा त्याच्यासमोर धरला की नाव दिसायचं, "हेमांगी नेवरेकर". अंगणात गोड्या पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली होती. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही आणि मैथिली पुन्हा पुन्हा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवरुखची एक बाई दोन डबे घेऊन आली. मग रिक्षा आली, एसटीच्या वाहकाने पार्सलं उतरवली, पुण्याहून खोकी आली. हेमाताईंनी गेले पंधरा दिवस रोज दुपारी बसून प्रत्येक घरी फोन केला होता. डब्याची आठवण शेवटी केली होती, आधी सगळ्यांची खुशाली विचारली होती.

डबे आले, पण त्यातला एकही रिकामा नव्हता. कुणी शेतातले चार काजूगर घातले होते, कुणी तीळ, कुणी बेसनाचा एकच लाडू. नेलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, मग तो विरघळवायला नेणार असले तरी. मैथिली हसता हसता ओट्यावर बसली. आधी एवढं सगळं खायला हवं होतं, तेव्हा कुठे ते पिंपात घालता येणार होते. पाचही घरच्या बायका, शेजारपाजार आणि रस्त्याने जाणारा पोस्टमन, सगळे खात बसले. एकेक रिकामा झालेला डबा धुवून पाण्यात जात होता. जे अजून धडधाकट होते त्यांना पुढच्या वर्षासाठी हेमाताई पुन्हा मीठ लावत होत्या.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळी मोजदाद झाली. हेमाताईंनी भरून बाहेर पाठवलेल्यांपैकी एकच डबा कमी होता. मैथिलीने ताबडतोब ओळखलं आणि ती खालमानेने उभी राहिली.

"तुझ्याकडचा गं तो," हेमाताई म्हणाल्या. "मेतकुटाचा. तो मी मीठ न लावताच पाठवला होता. तुला काय, लगेच संपवशील म्हटलं. विरघळला असेल एव्हाना. संघाच्या नावावरून निघाला की झालं."

"नाही विरघळला, ताई."

हेमाताईंनी वर पाहिलं.

तो डबा कराडला मैथिलीच्या फळीवर होता. मेतकूट संपल्यावर तिने तो धुतला, टाकायला म्हणून दारापर्यंत नेला आणि झाकणावरचं नाव बघून परत आणला. आपणच केलेला मुदतीचा डबा, त्याची मुदत जवळ येताना पाहवेना. आता त्यात रवा होता.

"बरं, राहू दे," हेमाताई म्हणाल्या. "आहे तर आहे. एकाची पट्टी काही मला जड नाही. भरते मी."

"नाही," मैथिली म्हणाली. "मीठ मी लावलंय."

हेमाताईंनी वाचकयंत्र तिच्या हातातून घेतलं. ते ओट्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"